कृष्णाकांठचें तर्काध्ययन

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज ह्या गांवांतून आज हिंडणारास एक नवी संस्था जागोजागीं दिसते. लोक तिला अभ्यासिका म्हणतात. एखाद्या इमारतीच्या माडीवर ओळीनें मेजें मांडलेलीं असतात, आणि खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें-मुली सकाळपासून रात्रींपर्यंत तेथें मान खालीं घालून बसलेलीं असतात. त्यांच्यापुढील पुस्तकांत 'तर्कक्षमता' ह्या नांवाचा एक भाग हटकून असतो. सन २०११ मध्यें संघ लोकसेवा आयोगानें आणि सन २०१३ मध्यें महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें पूर्वपरीक्षेंत एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू केली. विद्यार्थी तिला 'सीसॅट' म्हणतात. तिच्यांत दोन तासांत ऐंशीं प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे प्रत्येक प्रश्नास दीड मिनिट मिळतें. उतारा वाचून त्यांतील गृहीत ओळखणें, दोन विधानांवरून निष्कर्ष काढणें, दिलेल्या युक्तिवादांपैकीं प्रबळ कोणता व दुर्बळ कोणता हें ठरविणें, असे प्रश्न तिच्यांत येतात.

हें सर्व पाहून पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ असें म्हणतात कीं, ही विद्या परकी असून आमच्या मुलांस ती नव्यानें शिकावी लागत आहे. दुसरे कांहीं गृहस्थ म्हणतात कीं, ही विद्याच नव्हे, ही केवळ एक युक्ति आहे. ह्या दोन्ही मतांत थोडा थोडा सत्यांश असला, तरी दोन्ही मतें इतिहासाकडे पाठ फिरवून बनविलेलीं आहेत असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याच्या म्हणण्याचे अवयव सोडवून पाहण्याची विद्या ह्या कृष्णाकांठीं फार दिवस नांदत आली आहे. परीक्षाहि तिला नव्या नाहींत. प्रश्न इतकाच कीं, परीक्षेनें त्या विद्येचें काय केलें, आणि त्या विद्येनें परीक्षेपलीकडे काय केलें. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम जुन्या पाठशाळेकडे वळूं. साताऱ्यास भास्करशास्त्री अभ्यंकर ह्यांची विद्वत्परंपरा एकोणिसाव्या शतकांत फार नांवाजलेली होती. ती मुख्यतः व्याकरणाची. परंतु तर्काचा संस्कार झाल्यावांचून व्याकरणांतील परिष्कार समजत नाहींत, म्हणून व्याकरण शिकणारासहि न्यायशास्त्राची ओळख करून घ्यावीच लागे. भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री ह्याच परंपरेंत तयार होऊन पुढें पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत अध्यापक झाले. विजापूर जिल्ह्यांतील झळकी गांवचे भीमाचार्य झळकीकर ह्यांनीं न्यायशास्त्राच्या परिभाषेचा 'न्यायकोश' रचला व तो सन १८७५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति सन १९२८ मध्यें ह्याच वासुदेवशास्त्र्यांनीं सिद्ध केली. तर्कांतील एकेका शब्दाचा अर्थ निश्चित करण्यासाठीं दोन पिढ्यांनीं केलेले हे श्रम होत.

ह्या पाठशाळांतून विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पडे. पुस्तक अगदीं लहान, परंतु त्यांत अनुमानाची सर्व सामग्री आहे. दुसऱ्यास पटवून द्यावयाचें असेल तर वाक्याचे पांच अवयव हवेत : प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नि आहे. कारण तेथें धूर आहे. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हा डोंगरहि तसाच धुरानें युक्त आहे. म्हणून तेथें अग्नि आहे. ह्या पांच पायऱ्यांवर विद्यार्थी महिनेच्या महिने घालवी. मग हेत्वाभास, म्हणजे दिसण्यांत हेतु पण खरोखर हेतु नव्हे असे दोष, हेहि पांच : सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित. कोणाचेंहि म्हणणें कानावर आलें कीं तें ह्या चाळणींतून काढावयाचें, ही संवय त्यास लागे.

उदाहरणार्थ, 'ही चाल सोडूं नये, कारण ती फार दिवसांची आहे,' हें वाक्य घ्या. ह्यांतील व्याप्ति अशी कीं, जें जें फार दिवसांचें तें तें सोडण्यास अयोग्य. परंतु सतीची चालहि फार दिवसांची होती. तरी सन १८२९ च्या कायद्यानें ती बंद झाली, आणि ती बंद झाली म्हणून आज कोणी हळहळत नाहीं. म्हणजे 'फार दिवसांचें असणें' हा हेतु जेथें साध्य नाहीं तेथेंहि आढळतो. तो सव्यभिचार ठरला. हें पृथक्करण करण्यास इंग्रजी शाळेची गरज नव्हती. तें करण्याचें साधन आमच्या शास्त्र्यांच्या मुखोद्गत होतें. तें साधन त्यांनीं आपल्याच चालीरीतींवर फारसें चालविलें नाहीं, ही निराळी गोष्ट, व तिच्याकडे आम्ही पुढें येऊं.

परीक्षाहि होतीच. ग्रंथाच्या पोथींत शलाका घालावी, जें पान निघेल त्यावर विद्यार्थ्यानें व्याख्यान करावें, आणि मंडळींनीं शंका घ्याव्या, अशी शलाकापरीक्षा प्रसिद्ध आहे. पेशव्यांच्या अमदानींत श्रावणमासीं पुण्यास दक्षिणा वांटली जाई, तेव्हां शास्त्र्यांच्या विद्येची परीक्षा होऊन तीप्रमाणें रक्कम ठरे. सन १८१८ त राज्य गेल्यावर एल्फिन्स्टननें ह्या दक्षिणेचा कांहीं भाग चालू ठेवला आणि सन १८२१ मध्यें पुण्यास संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. परीक्षेसाठीं शिकणें व शिकून पोट भरणें हा प्रकार, तेव्हां, इंग्रजांनीं नव्यानें आणला असें म्हणतां येत नाहीं.

पण पाठशाळेंतील तर्क लोकांच्या उपयोगीं पडला तो न्यायसभेंत. साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे ह्यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? सन १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा निर्णय सांगितला नाहीं, हें सर्वश्रुत आहे. परंतु ह्या एका तेजस्वी प्रसंगाच्या प्रकाशांत त्या काळच्या न्यायपद्धतीचें रोजचें काम आमच्या डोळ्यांआड होतें. जुनीं निवाडपत्रें वाचलीं म्हणजे त्यांत एक ठराविक रचना दिसते. आधीं अग्रवादीचें म्हणणें. मग पश्चिमवादीचें म्हणणें. मग कागदपत्र, साक्षी व भोगवट्याचा पुरावा. आणि शेवटीं निर्णय व त्याचीं कारणें. हरणाऱ्याचें म्हणणेंहि निवाड्यांत लिहिलेलें असे. वतन गेलें तरी आपलें म्हणणें ऐकलें गेलें एवढें तरी त्याच्या वंशजांस कागदावरून कळावें, ही ती व्यवस्था होती. मीमांसकांच्या अधिकरणांतहि विषय, संशय, पूर्वपक्ष व सिद्धान्त हाच क्रम आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं, आणि होईल तितक्या बळकट स्वरूपांत, मांडल्यावांचून सिद्धान्ताकडे जातांच येत नाहीं, हा आमच्या तर्काध्ययनांतील सर्वांत मोलाचा भाग होय असें आम्ही समजतों.

ह्या विद्येची कसोटी पाहणारा एक वाद सातारा व सांगली ह्या दोन राज्यांच्या दरम्यानच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उद्भवला. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज ह्यांचें घराणें क्षत्रिय असून त्यांस वेदोक्त कर्मांचा अधिकार आहे कीं नाहीं, आणि त्याचप्रमाणें चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंस तो आहे कीं नाहीं, असा तो वाद होता. विरोधी पक्षाचे पुढारी सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन हे होते. सन १८३० च्या सुमारास साताऱ्यास शास्त्री-पंडितांचा मोठा वादविवाद झाला व त्यांत महाराजांची बाजू आबा पारसनीस ह्यांनीं मांडली. वाद धर्माचा दिसला, तरी त्याच्या पोटांत राज्यकर्त्याचा मान, पुरोहितवर्गाची सत्ता आणि एका सबंध समाजाचें सामाजिक स्थान गुंतलेलें होतें.

ह्या वादाचें पृथक्करण करून पाहिलें तर तर्काचें बळ व त्याची मर्यादा हीं दोन्ही दिसतात. विरोधकांच्या म्हणण्याचा पाया असा कीं, कलियुगांत ब्राह्मण व शूद्र हे दोनच वर्ण उरले, क्षत्रिय कोणीहि उरला नाहीं. म्हणून भोसलेहि क्षत्रिय नव्हत. हें सार्वत्रिक निषेधाचें विधान आहे. असलें विधान ढासळून पाडण्यास एकच विरुद्ध उदाहरण पुरे होतें; आणि सन १६७४ मध्यें गागाभट्टांसारख्या पंडितानें शिवछत्रपतींस क्षत्रिय मानून राज्याभिषेक केला, हें उदाहरण जवळच होतें. आतां ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, तो अभिषेकच अयोग्य, कारण कलियुगांत क्षत्रियच नाहींत. पण असें म्हणतांच जें सिद्ध करावयाचें तेंच कारण म्हणून पुढें केलें जातें. नैयायिक ह्या दोषास साध्यसम म्हणतात. पाठशाळेंतील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि तो दाखवितां आला असता. असें असूनहि हा वाद मिटला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरास शाहू महाराजांच्या दरबारीं तो पुन्हा उठला. युक्तिवादांतील दोष दाखविल्यानें मनुष्याचा स्वार्थ दूर होत नाहीं. तो फक्त उघडा पडतो. परंतु उघडा पडणें हेंहि कांहीं थोडें नव्हे.

मुंबईस सन १८५७ मध्यें विश्वविद्यालय स्थापन झालें व त्याच्याबरोबर युरोपीय तर्कशास्त्र आमच्या तरुणांच्या अभ्यासांत आलें. मिल्ल व पुढें जेव्हन्स हीं नांवें त्यांच्या तोंडीं बसलीं. त्या शास्त्रांत एक मोठी सोय होती : विधान खरें कीं खोटें हा प्रश्न बाजूस ठेवून, त्यावरून निष्कर्ष निघतो कीं नाहीं एवढेंच तें पाही. आमचें न्यायशास्त्र असा भेद करीत नाहीं. हेतु पक्षावर खरोखरच आहे काय, प्रत्यक्षानें त्याचा बाध होतो काय, हें विचारल्यावांचून तें पुढें जात नाहीं. दोन्ही पद्धतींस आपापला उपयोग आहे. तसाच दोहोंस एक समान रोगहि जडला. आमच्या विद्यार्थ्यांनीं जशी तर्कसंग्रहाचीं वाक्यें घोकलीं, तशींच युरोपांतील व पुढें आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं 'बार्बारा, सेलारेन्ट' हीं अनुमानप्रकारांचीं लॅटिन नांवें घोकलीं. आम्हीं पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत अध्यापन केलें आहे. अनुमानाच्या प्रकारांचीं नांवें बिनचूक म्हणून दाखविणारा विद्यार्थी वर्तमानपत्रांतील अग्रलेखाचा हेतु कोणता हें विचारतांच गप्प बसतो, असा अनुभव आम्हांस वारंवार आला आहे.

ह्या नव्या तर्कशास्त्राचा खरा उपयोग करणारा पुरुष कृष्णाकांठींच जन्मला. गोपाळ गणेश आगरकर ह्यांचा जन्म सन १८५६ मध्यें कऱ्हाडजवळील टेंभू ह्या गांवीं झाला. त्यांचे निबंध सर्वांनीं वाचलेले असतात. पण सन १८८८ मध्यें त्यांनीं 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण' ह्या नांवाचें पुस्तक लिहिलें हें फारसें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं 'सुधारक' पत्र काढलें. ह्या दोन उद्योगांचा संबंध केवळ सालाचा नाहीं असें आमचें मत आहे. वाक्यांतील उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कोणतें पोटवाक्य कोणावर अवलंबून आहे, हें ज्यास नीट कळतें, त्यास रूढीच्या समर्थनांतील कोणतें विधान कोणावर अवलंबून आहे हेंहि कळूं लागतें. केशवपन, बालविवाह, सोंवळें-ओंवळें ह्यांविषयीं आगरकरांनीं लिहिलें, तेव्हां शास्त्र्यांच्या हातीं शेंकडों वर्षें असलेलें साधन जेथें चाललें नव्हतें तेथें त्यांनीं आपलें नवें साधन चालविलें. त्याबद्दल त्यांस लोकनिंदा सोसावी लागली, आणि सन १८९५ मध्यें अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आंत ते निवर्तले.

हीं दोन साधनें एकत्र आलीं तीं वाईस. तेथें नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, ह्यांनीं प्राज्ञपाठशाळा चालविली. मीमांसा व न्याय हीं शास्त्रें जुन्या पद्धतीनें अक्षरशः लावून शिकवावयाचीं, पण त्यांचा उपयोग मात्र समाजाच्या आजच्या प्रश्नांस करावयाचा, अशी त्या पाठशाळेची रीत होती. सन १९१७ मध्यें विनोबा भावे तेथें शास्त्राध्ययनास येऊन राहिले होते. खानदेशांतील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी कुमारवयांतच वाईस आले व तेथें तयार होऊन सन १९२३ मध्यें कलकत्त्याच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयाची 'तर्कतीर्थ' ही पदवी त्यांनीं मिळविली. बंगाल म्हणजे नव्यन्यायाचें माहेर. तेथील आद्य, मध्य व उपाधि अशा चढत्या परीक्षांचा लौकिक सर्व हिंदुस्थानांत होता. तेथें वाईचा विद्यार्थी उतरला, आणि पदवी त्याच्या नांवास अशी चिकटली कीं पुढें सारा महाराष्ट्र त्यास 'तर्कतीर्थ' एवढेंच म्हणूं लागला.

परंतु पदवीनें शास्त्रीबोवांची कीर्ति झाली नाहीं. पदवीनंतर त्यांनीं जें केलें त्यानें झाली. सन १९३२-३३ मध्यें गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतां अस्पृश्यतेस शास्त्राधार आहे काय, ह्या प्रश्नाचा खल सुरू झाला. सनातनी पंडितांशीं त्यांच्याच ग्रंथांतून व त्यांच्याच परिभाषेंत वाद करूं शकणारा मनुष्य हवा होता, आणि तें काम तर्कतीर्थांनीं केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें पुण्यास देवदास गांधी व राजगोपालाचारी ह्यांची कन्या लक्ष्मी ह्यांचा विवाह झाला. वैश्य वर व ब्राह्मण वधू, म्हणजे शास्त्राच्या भाषेंत प्रतिलोम विवाह. त्याचें पौरोहित्यहि तर्कतीर्थांनींच केलें. ज्या विद्येनें पूर्वीं दारें बंद ठेवलीं तिच्याच किल्लीनें दार उघडतां येतें, हें त्यांनीं कृतीनें सिद्ध केलें. पुढें मराठी विश्वकोशाचें काम वाईसच उभें राहिलें व त्याचा पहिला खंड सन १९७६ मध्यें निघाला.

आतां एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या सर्व वैभवाचे अधिकारी किती होते? साताऱ्याच्या शास्त्र्यांच्या ओसरीवर कुणब्याचा मुलगा बसूं शकत नव्हता, महाराचा तर नाहींच नाहीं. आणि शास्त्र्याच्या स्वतःच्या मुलीसहि तेथें जागा नव्हती. ज्यांच्याविषयीं वाद चालत त्यांस वादाची भाषा शिकण्याची मुभा नसे. हरणाऱ्याचें म्हणणें निवाड्यांत लिहिणारी ही परंपरा, पण ज्यांचें म्हणणें कधीं विचारलेंच गेलें नाहीं अशांची संख्या तींत सर्वांत मोठी होती. हा दोष कोणत्याहि हेत्वाभासाहून मोठा आहे.

तो दूर करण्याचें श्रेय नव्या शिक्षणसंस्थांस आहे. सन १९१९ हें साल ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें सांगली व मिरज ह्यांच्या दरम्यान विलिंग्डन महाविद्यालय काढलें, आणि त्याच वर्षीं कऱ्हाडजवळील काले गांवीं भाऊराव पाटील ह्यांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सन १९४७ मध्यें रयतेचें छत्रपति शिवाजी महाविद्यालय साताऱ्यास सुरू झालें. सन १९४९ मध्यें दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व सन १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें, तोंपर्यंत ह्या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें महाविद्यालयांच्या वर्गांत बसूं लागलीं होतीं. आजच्या अभ्यासिकेंत शेजारीं शेजारीं बसलेलीं मुलें-मुली पाहिलीं, म्हणजे दीड मिनिटाच्या प्रश्नाची थट्टा करणारानें क्षणभर थांबावें असें आम्हांस वाटतें. त्या प्रश्नास उत्तर देणाराची जात कोणी विचारून गुण देत नाहीं.

तरीहि त्या प्रश्नांत उणें काय आहे हें पाहिलेंच पाहिजे. नमुन्यादाखल आम्ही एक प्रश्न रचतों. 'यात्रेच्या गांवीं प्लास्टिकच्या पिशव्यांस बंदी करावी काय? पहिला युक्तिवाद : होय, कारण ह्या पिशव्या ओढ्या-नाल्यांत अडकून पाण्याचा मार्ग बंद करितात. दुसरा युक्तिवाद : नाहीं, कारण अशी बंदी आजवर कोठेंहि झालेली नाहीं.' सरावलेला विद्यार्थी दहा सेकंदांत पहिला प्रबळ व दुसरा दुर्बळ अशी खूण करून मोकळा होतो. उत्तर बरोबर आहे. पण दुसरा युक्तिवाद दुर्बळ कां? नैयायिक त्यांत दोन दोष दाखवील. आजवर न झालेल्या कित्येक गोष्टी करण्यास योग्य असतात, म्हणून हेतु सव्यभिचार. आणि महाराष्ट्रांत सन २०१८ मध्यें अशी बंदी झालेलीच आहे, म्हणून हेतु असिद्ध. इतकेंच नव्हे, पहिला युक्तिवादहि तो तपासून पाहील : पाणी अडतें तें पिशव्यांमुळेंच काय, कीं गाळ न काढल्यामुळें? परीक्षेंत हें विचारण्यास वेळ नसतो, आणि कारण लिहिण्यास जागा नसते. चार पर्यायांतून एक निवडतां आला म्हणजे काम झालें. स्वतः युक्तिवाद रचणें, प्रतिपक्षाचा युक्तिवाद त्याच्याहून चांगला रचून दाखविणें, आणि तरीहि त्यास उत्तर देणें, ह्या तिहींपैकीं एकहि गोष्ट तेथें मागितली जात नाहीं. उद्यां तहसीलदाराच्या खुर्चीवर बसल्यावर मात्र ह्या तिन्ही गोष्टी रोज लागणार आहेत. कारण तेथें अग्रवादी व पश्चिमवादी समोर उभे असतात, आणि पर्याय कोणी छापून दिलेले नसतात.

म्हणून परीक्षा बंद करा असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षेनें दार सर्वांस मोकळें केलें. तें पुन्हा लावणें म्हणजे ज्यांस काल प्रवेश मिळाला त्यांस आज बाहेर काढणें होय. परंतु दारांतून आंत आलेल्यास घरांत कांहीं मिळालें पाहिजे. आमची सूचना अगदीं साधी आहे. महाविद्यालयांनीं व गांवोगांवच्या वाचनालयांनीं ह्या विद्यार्थ्यांसाठीं आठवड्यांतून एक दिवस घड्याळ बाजूस ठेवावें. एकच युक्तिवाद घ्यावा. एकानें त्याचे पांच अवयव फळ्यावर लिहावे. दुसऱ्यानें हेतु खरा आहे कीं नाहीं हें माहितीवरून पाहावें. तिसऱ्यानें व्याप्तीस विरुद्ध उदाहरण शोधावें. आणि ज्यास तो युक्तिवाद मुळींच मान्य नाहीं त्यानें तोच जास्तींत जास्त बळकट करून मांडावा. ह्यास पुस्तकांचा खर्च नाहीं, मोठ्या विद्वानाची गरज नाहीं, आणि परीक्षेंतील गुणहि ह्यानें कमी न होतां वाढतील अशी आमची खात्री आहे. कारण ज्यास 'कां' समजलें त्यास 'कोणता' हें लवकर समजतें.

परीक्षेस बसणाऱ्यांपैकीं थोड्यांसच जागा मिळतात. बाकीचे आपापल्या गांवीं परत जातात. त्यांच्या आईबापांनीं ह्या वर्षांसाठीं जमिनीचा तुकडा गहाण टाकलेला असतो किंवा दुभतें जनावर विकलेलें असतें. अशा मुलाजवळ चार पर्यायांतून एक निवडण्याची हातोटी एवढेंच उरलें, तर तीं वर्षें व्यर्थ गेलीं असें त्याला वाटल्यास नवल नाहीं. पण ग्रामसभेंत उभें राहून ठराव मांडणाऱ्याचा हेतु कोणता हें त्यास विचारतां आलें, भाऊबंदकीच्या तंट्यांत दुसऱ्या बाजूचें म्हणणें आधीं नीट सांगतां आलें, आणि निवडणुकीच्या सभेंत ऐकलेल्या विधानास विरुद्ध उदाहरण सुचलें, तर तीं वर्षें त्याच्या गांवाच्या उपयोगीं पडलीं असें म्हणतां येईल. माहुली, टेंभू व वाई ह्या कृष्णाकांठच्या गांवांनीं ही विद्या एकेकाळीं सर्व महाराष्ट्रास पुरविली. आतां ती त्याच नदीच्या कांठच्या प्रत्येक घरीं पोहोंचविणें हें आमच्या पिढीच्या शिक्षकांचें काम आहे.